लांब दस्तऐवज ऐकून वाचणे आणि टिपणे काढणे

डोळ्यांनी वाचणारा माणूस दीडशे पानांचा अहवाल हाती आला की आधी पाने चाळतो. कानाला चाळता येत नाही. त्याच्यापर्यंत मजकूर शब्दामागून शब्द असाच पोहोचतो. त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, सुरू करून पहिल्या पानापासून सलग ऐकत सुटणे ही वेळखाऊ सवय आहे, आणि टिपणांसाठी वाचत असाल तर ती हमखास फसते. पुढे दिलेल्या कळा विंडोजवर चालणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या, डेस्कटॉप मांडणीतील आहेत.

आधी सांगाडा ऐकावा. वेबपानावर ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे एकेक कळ दाबून मजकुरात फिरण्याच्या स्थितीत, एच दाबत गेल्यास एकेका शीर्षकावर जाता येते, तर 1 ते 6 हे आकडे त्या त्या पातळीच्या शीर्षकावर नेतात. वर्डमध्ये हा मोड इन्सर्ट आणि स्पेस दाबून सुरू करावा लागतो. इन्सर्ट आणि एफ7 दाबल्यावर घटकांची यादी उघडते; तिच्यात शीर्षके हा प्रकार निवडला की शीर्षकांची यादी मिळते. ती एकदा पूर्ण ऐकून कोणते भाग सावकाश ऐकायचे, कोणते सोडायचे हे तिथेच ठरवावे. अनेक फाइलींत शीर्षके नुसती ठळक अक्षरांत लिहिलेली असतात आणि यादी रिकामी येते. तेव्हा अनुक्रमणिकेतील शब्द शोधत पुढे जावे लागते. मराठी मजकूर असंबद्ध इंग्रजी अक्षरांत ऐकू येऊ लागला, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाण संकेतप्रणालीत, नाही असे समजावे आणि रूपांतर करून घेतल्यावरच वाचायला बसावे.

सलग वाचन इन्सर्ट आणि खालच्या बाणाने सुरू होते. शिफ्टने आवाज थांबतो आणि पुन्हा शिफ्ट दाबल्यावर तिथूनच पुढे चालू होतो. कंट्रोलने वाचन पूर्ण थांबते. ऐकता ऐकता टंकलेखन करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण आपण दाबलेल्या अक्षरांचा उच्चार आणि दस्तऐवजाचा आवाज एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही निसटतात. एक उपविभाग संपला की थांबावे, ऑल्ट आणि टॅबने टिपणांच्या फाइलीत जावे, जे लक्षात राहिले ते दोन-तीन वाक्यांत लिहावे, आणि मगच मूळ मजकुराकडे परतून केवळ आकडे आणि नावे पडताळावीत. इन्सर्ट आणि वरचा बाण दाबल्यास चालू ओळ पुन्हा ऐकू येते आणि हेच लागोपाठ दोनदा दाबल्यास ती अक्षर-अक्षर सुटी करून सांगितली जाते. अपरिचित आडनावांसाठी हे करावेच.

टिपणांत रंग किंवा समास कामाचे नाहीत, म्हणून खुणा शब्दांत असाव्यात. मी प्रत्येक ओळीची सुरुवात ‘उतारा’, ‘सार’ किंवा ‘माझे’ या शब्दाने करतो आणि त्यापुढे विभागाचा क्रमांक लिहितो. नंतर शोधताना एका शब्दावर सगळे उतारे सापडतात. ही शिस्त एका चुकीतून आली. लेखकाने खोडून काढण्यासाठी दिलेले दुसऱ्याचे वाक्य मी त्याचेच मत म्हणून टिपून ठेवले होते, कारण अवतरणचिन्हे ऐकूच आली नव्हती. विरामचिन्हांची पातळी, म्हणजे किती चिन्हे बोलून दाखवायची याची मर्यादा, कमी असली की अवतरणचिन्हे आणि कंस गुपचूप गाळले जातात. युक्तिवाद असलेल्या भागात इन्सर्ट आणि पी दाबून ती पातळी वाढवावी. एरवी ती कमीच ठेवावी, नाहीतर चिन्हांचा सतत पुकारा ऐकून डोके उठते.

उतारा हाताने पुन्हा लिहू नये. सुरुवातीच्या अक्षरावर इन्सर्ट आणि एफ9 दाबून खूण करावी, बाणांनी शेवटच्या अक्षरापर्यंत जाऊन इन्सर्ट आणि एफ10 दाबावे. पहिल्यांदा दाबल्यावर मजकूर निवडला जातो आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबल्यावर तो कॉपी होतो. टिपणांत चिकटवल्यावर त्याची पहिली आणि शेवटची ओळ ऐकून घ्यावी, कारण एखादे अक्षर अलीकडे-पलीकडे राहणे नेहमीचेच आहे.