लग्नाच्या जुन्या दाखल्यातील वडिलांचा रकाना : या चुका टाळा

इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून विवाहांची मुलकी नोंद सुरू झाली आणि वधूवरांच्या वडिलांचे नाव व व्यवसाय दाखल्यावर येऊ लागले. आईच्या नावाला मात्र मे २०२१ पर्यंत तेथे जागा नव्हती. वंशावळ शोधणारा या रकान्यावर विसंबतो आणि तेथेच फसतो, कारण वधूवर तोंडी सांगतील तेच पाद्री किंवा निबंधक लिहून घेत असे.

सर्वांत मोठी चूक कोऱ्या रकान्याबाबत नव्हे, तर भरलेल्या रकान्याबाबत होते. रकाना कोरा असला की व्यक्ती अनौरस असावी, अशी शंका आपल्याला लगेच येते. पण चारचौघांत लाज नको म्हणून अनेकांनी आजोबांचे किंवा सावत्र वडिलांचे नाव सांगितले, तर काहींनी चक्क काल्पनिक बापाला आपले आडनाव लावून दिले. म्हणून नवरीचे माहेरचे आडनाव आणि वडिलांचे आडनाव जुळले, एवढ्यावर समाधान मानू नये. जन्मदाखला, बाप्तिस्म्याची नोंद आणि बालपणीची जनगणना ताडून पाहावी. जन्मदाखल्यावर वडिलांची जागा रिकामी असेल आणि जनगणनेत मूल आजोबांच्या घरी ‘नातू’ म्हणून आढळले, तर लग्नाच्या दाखल्यावरील ‘वडील’ बहुधा तेच आजोबा असतात.

दुसरी चूक आपल्या सवयीतून होते. लग्नपत्रिकेत दिवंगतांच्या नावामागे ‘कै.’ लावायला आपण विसरत नाही, त्यामुळे दाखल्यावर ‘मृत’ हा शेरा नसला की वडील हयात होते, असे आपण धरून चालतो. तो शेरा पुष्कळदा राहून जाई. उलट, घर सोडून गेलेल्या बापाला मुलांनी ‘मृत’ म्हटल्याचीही उदाहरणे आहेत.

व्यवसायाबाबत थोडी सूट द्यावी : मुलाच्या लग्नात मजुराचा शेतकरी सहज होई.

शेवटी, मध्यवर्ती निबंधक कार्यालयातून मिळणारा दाखला हा चर्चने दर तिमाहीला पाठवलेल्या नकलेवर आधारलेला असतो, त्यामुळे त्यावरील सह्याही नक्कल करणाऱ्याच्याच अक्षरातील असतात. खऱ्या सह्या किंवा निरक्षरांच्या फुल्या (आपल्याकडच्या अंगठ्याप्रमाणे) चर्चच्या मूळ नोंदवहीत असतात. तेथे साक्षीदार म्हणून वडिलांचीच सही आढळली, तर त्या दिवशी ते जिवंत होते असे म्हणता येते. मात्र त्याच नावाचा थोरला भाऊ नव्हता ना, हे आधी पाहावे.