वडगावात वडगावकर कुठून सापडणार?

‘आपण मूळचे वडगावचे, मोठ्या दुष्काळात पुण्याला आलो.’ आमच्या घराण्याचा इतिहास एवढाच. निवृत्त झाल्यावर मी शोध सुरू केला आणि पहिले आठ महिने चुकीच्या गावात घालवले. पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव निंबाळकर आहे, वडगाव रासाई आहे, शिवाय शेरी, बुद्रुक, खुर्द. मी आपलं रेल्वेच्या वाटेवरचं म्हणून मावळ धरून बसलो.

तुम्ही असं करू नका. आधी घरातली कागदांची पत्र्याची पेटी उघडा. शाळेचे दाखले, मृत्यूचे दाखले, जुन्या लग्नपत्रिका, भाडेपावत्या. सगळ्यात थोरल्या आत्याला गाठा. ‘पूर्वज कोण’ असं विचारलं तर ती देवाचं सांगत बसेल. ‘जत्रेला कुठे जायचो, कुलदैवत कोणतं, सुतक कोणाकोणाचं पाळायचो’ असं विचारा. सुतकावरून भाऊबंद कळतात. मामंजींच्या भीतीने तिने कधी न सांगितलेलंही तेव्हाच बाहेर पडतं.

मला खरा धागा मिळाला तो नाशिकला. रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे तीर्थोपाध्याय कोणते ते तिथली मंडळी सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या यजमानांच्या नोंदी त्यांच्या वह्यांत असतात. आमच्या गुरुजींनी तसली लांबट वही मांडीवर घेतली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. आजोबा पणजोबांच्या अस्थी घेऊन आले होते, त्या दिवसाचा लेख. शके 1847. शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतं, म्हणजे 1925. खाली आजोबांची सही आणि त्यावर: ‘उपनाव पवार, वडगावकर. मूळ वडगाव, तालुके भिमथडी, हल्ली वस्ती पुणे.’

भिमथडी तालुका आजच्या नकाशावर नाही. बारामती-दौंडकडचा तो भाग. म्हणजे वडगाव निंबाळकर! दुष्काळही जुळला: 1876 ते 78 चा, पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना होरपळून काढणारा. आणि मावळात काही का सापडलं नाही तेही उमगलं. गाव चुकलं होतंच, पण बरोबर गावातही मी ‘वडगावकर’च शोधले असते. ते नाव पुण्याने दिलेलं. वडगावात सगळेच वडगावचे!

पुढची पायरी तहसील कचेरीतला अभिलेख कक्ष. अर्ज करून गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, आणि जुने फेरफार मागा. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू असतात. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडीचा एखादा वर्ग आधी कराच. आधी आडवी रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकवलेली, शब्द न तोडता सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पहिल्या पानाला मला अख्खी दुपार लागली.

पुण्यातच राहता म्हणून थेट पेशवे दफ्तरात, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, जाऊन बसू नका. घराण्यात वतन, इनाम किंवा सरकारी चाकरी असेल तरच तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बोलतात. आम्ही साधे कुळवाडी, तिथे आम्हाला कोण लिहिणार? खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, छापील अहवालांचाही तसाच अनुभव: गावची डोकी मिळतात, माणसाचं नाव मिळत नाही.

बायकांचा माग सगळ्यात अवघड. माझ्या पणजीचं माहेर अजून लागलेलं नाही.

शेवटी गावात गेलो. पणजोबांच्या चुलत्याची शाखा अजून तिथेच आहे. वहीच्या पानाचा फोटो दाखवला. म्हाताऱ्या बाबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, चहा सांगितला, आणि मग हळूच विचारलं, ‘सातबाऱ्यावर नाव लावायला आलाय व्हय?’

तेव्हा गावात पाऊल टाकताच, चहाच्या आधी, जमिनीचा विषय आपणच काढून मिटवायचा.