पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जंतुसंसर्ग कसा टाळावा

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ आता बहुतेक वेळा नाकावाटे काढतात. शस्त्रक्रियेत मेंदूभोवतीच्या पाण्याचे आवरण उघडले गेलेच, तर ते पोटाची किंवा मांडीची चरबी अथवा नाकातले अस्तर वापरून बंद केले जाते. हे ठिगळ पक्के धरेपर्यंत नाकातले जंतू मेंदूपर्यंत पोहोचून मेंदूज्वर होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण घडल्यास वेळ हातात फार थोडा असतो.

म्हणून सर्जन परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नये, शिंक आली तर ती न दाबता तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी, कमरेतून वाकू नये आणि जड काही उचलू नये. कुंथावे लागू नये यासाठी बद्धकोष्ठतेवरचे औषध डॉक्टरांकडून आधीच मागून घ्यावे. कपालभाती, जलनेती, नाकात तूप किंवा तेल सोडणे आणि तपकीर हे सारे पूर्ण बंद ठेवावे. मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले असेल, तर पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. फिल्टरचे पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

सर्वात जास्त फसवते ती 'सर्दी'. एकाच नाकपुडीतून पाण्यासारखे स्वच्छ थेंब पडत असतील, मान पुढे झुकवताच ते वाढत असतील किंवा घशात खारट चव उतरत असेल, तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. पडणारे थेंब स्वच्छ बाटलीत धरून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावेत, कारण बीटा-२ ट्रान्सफेरिन या मेंदूभोवतीच्या पाण्यात आढळणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीने ते नेमके काय आहे हे कळते.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, मान आखडणे, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे किंवा बोलण्यात असंबद्धता दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळ होण्याची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. घरी उरलेले अँटिबायोटिक सुरू करू नये. त्याने जंतूंची ओळख पटवणे अवघड होते. चरबी काढलेल्या जागेवरची लाली किंवा पू हेही त्याच दिवशी दाखवावे.

कुशिंगच्या आजाराच्या (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याच्या) आणि मधुमेहाच्या रुग्णांना अधिक जपावे. त्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते, आणि स्टिरॉइड चालू असताना ताप फारसा चढतही नाही. हायड्रोकॉर्टिसोन ही स्टिरॉइडची गोळी चालू असेल, तर तापात तिचा डोस किती वाढवायचा, हे घरी सोडतानाच लिहून घ्यावे. ही गोळी कधीही अचानक बंद करू नये, आणि उलटीमुळे ती पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठावे.