आल्प्समध्ये स्कीइंग: चांगला उतार शोधताना या चुका टाळा

आल्प्समधल्या रिसॉर्टवर पोचलं की बहुतेक जण नकाशा उघडून सर्वांत गाजलेला उतार शोधतात. पहिले दोन हंगाम माझंही हेच चाललं. सकाळी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट सुरू झाल्या झाल्या तिथे जायचं, तर बर्फ काचेसारखा टणक, स्कीच्या कडा पकडच घेत नसत. दुपारी दमून दुसरीकडे जावं, तर तिथे बर्फाचा लगदा झालेला. उतारांत खोट नव्हती. मी प्रत्येक ठिकाणी नको त्या वेळी जात होते.

म्हणून सर्वांत महागात पडणारी चूक आधी सांगते: उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते न बघणं. पूर्वेकडच्या उताराला सकाळीच ऊन लागतं, पश्चिमेकडच्याला दुपारनंतर, आणि उत्तरेकडचा बर्फ बराच काळ थंड नि कोरडा राहतो. जानेवारीत हा फरक फारसा जाणवत नाही. मार्चपासून मात्र सगळा दिवस त्यावरच ठरतो. रात्रभर गोठलेल्या बर्फाचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर उन्हाने सुटा झाला, की खाली पक्का आधार आणि वर साखरेच्या दाण्यांसारखा मऊपणा अशी जोडी जमते. तेव्हा स्की जणू आपणहून वळतात. ही वेळ फार टिकत नाही. ती हुकली की पाय रुतायला लागतात. त्यामुळे वसंतात आधी पूर्व, मग दक्षिण, मग पश्चिम असं उन्हामागून फिरावं आणि दुपारी उंची गाठावी. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते. फ्रान्समधल्या आल्प द्युएझसारख्या मुख्यतः दक्षिणेकडे तोंड असलेल्या ठिकाणी एप्रिलमध्ये तर हे पाळायलाच हवं.

ही दिशा रिसॉर्टच्या नकाशावरून कळेल असं मात्र समजू नका. हे नकाशे बहुधा चित्रं असतात. ऑस्ट्रियन चित्रकार हाइनरिश बेरान यांची अशी विहंगम चित्रं प्रसिद्ध आहेत. सगळे उतार एका कागदावर दिसावेत म्हणून चित्रात डोंगर वळवलेले, दऱ्या ताणलेल्या असतात. वरची बाजू उत्तर असेलच असं नाही. मी आदल्या संध्याकाळी फोनवर समोच्च रेषांचा नकाशा बघते आणि कागदी नकाशावर प्रत्येक उताराशेजारी पू, प, उ, द अशी अक्षरं लिहून ठेवते. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक उतार किती अवघड हे सांगणाऱ्या रंगावर भिस्त ठेवण्याची. ऑस्ट्रिया-जर्मनीत साधारणपणे २५ टक्क्यांपर्यंतचा (म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात २५ मीटर खाली जाणारा) उतार निळा, ४० टक्क्यांपर्यंतचा लाल आणि त्यापुढचा काळा मानतात. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. पण छोटे तुकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा तीव्र असू शकतात, आणि आज बर्फ कसा आहे हे रंग सांगत नाही. ऑस्ट्रियातल्या मायरहोफेनचा ७८ टक्क्यांचा 'हाराकिरी' उतार काळा, आणि आल्प द्युएझचा १६ किलोमीटरचा सारेन उतारही काळाच. सारेनचा वरचा भाग तीव्र आहे, खाली मात्र लांबलचक सौम्य दरी लागते. दोन्हींचा अनुभव अगदी वेगळा. उलट संध्याकाळी चारला गावाकडे उतरणारी निळी वाट गर्दीने खरवडून बर्फाळ झालेली असते. नवशिक्यांना मी तिथून गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने, उतरायला सांगते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उत्तर अमेरिकेतून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की तिथला निळा चौकोन म्हणजे मध्यम, युरोपातला निळा म्हणजे सोपा.

ढगाळ दिवशी हट्टाने शिखरावर जाऊ नका. झाडांच्या रेषेच्या वर सावलीच पडत नाही, त्यामुळे पुढचा उंचवटा आणि खड्डा सारखेच पांढरे दिसतात. खाली झाडीतले उतार निवडा, खोडांमुळे डोळ्यांना आधार मिळतो. वर अडकलातच तर उताराच्या कडेचे खांब बघत बघत खाली या. फ्रान्समध्ये त्यांवर आकडे असतात आणि दरीकडे जाताना ते कमी होत जातात.

रात्री कोणते उतार यंत्राने सपाट केले, हे सकाळी लिफ्टच्या फलकावर किंवा अॅपवर दिसतं. तीव्र लाल उतार असेल तर तिथे आधी जा, कारण दुपारपर्यंत त्यावर ढिगारे तयार होतात.

दोन उतारांमधला अस्पर्श बर्फ बघून मोह होतो, तो आवरा. तिथे हिमस्खलनाची खबरदारी घेतलेली असेलच असं नाही. युरोपातल्या इशाऱ्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी मधली म्हणून सौम्य वाटते, पण बरेच जीवघेणे अपघात तिसऱ्या पातळीवरच होतात. फ्रान्समधल्या शामोनीची प्रसिद्ध व्हाले ब्लांश ही आखलेली वाट नाही, ती हिमनदी आहे, तिच्यात खोल भेगा आहेत. गाइडशिवाय तिथे उतरू नये.

आणि लिफ्टनी जोडलेल्या दऱ्यांमध्ये फिरताना परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळीच बघून ठेवा. फ्रान्समधल्या 'थ्री व्हॅलीज'मध्ये सुमारे ६०० किलोमीटरचे उतार आहेत. चुकून शेजारच्या दरीत राहिलात, तर रस्त्याने डोंगराला वळसा घालून यावं लागतं. मी वेळेच्या तासभर आधी परतीच्या शेवटच्या लिफ्टपाशी पोचते. वारा वाढला की वरच्या लिफ्ट पुष्कळदा ठरल्या वेळेआधीच बंद होतात.