गाडीत आणि कामाच्या जागी आपलं सामान चोरीला जाऊ नये म्हणून काय काय करायचं

गाडीतनं बॅग गेली, ऑफिसात टेबलावरचा फोन गेला असं कुणी सांगायला लागलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "अगं दोनच मिनिटं बाजूला गेले होते". आणि ते खोटं नसतं, खरंच दोनच मिनिटं असतात, कारण काच फोडून सीटवरची बॅग उचलायला अर्धं मिनिटही लागत नाही. म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं असतं की जागेवर पोचल्यावर, घाईत असताना, आता सामान कुठे ठेवू असा विचार करायची वेळच आणू नका. ते निघायच्या आधी ठरवून ठेवायचं.

आधी गाडीचं बघू.

बाहेरनं आत डोकावल्यावर काहीच दिसता कामा नये, आणि काहीच म्हणजे खरंच काही नाही. लोक लॅपटॉप उचलतात पण रिकामी सॅक मागच्या सीटवर तशीच ठेवतात, आता ती रिकामी आहे हे तुम्हाला माहितीये, चोराला कुठे माहितीये, तो काच फोडल्यावरच बघणार ना. लोंबकळणारी चार्जिंगची वायर, सुटी नाणी, गॉगलची केस, हे सगळं काढून ठेवा. आणि वस्तूवर जॅकेट किंवा टॉवेल टाकून ती लपली असं तर अजिबात समजू नका, सीटवर काहीतरी झाकून ठेवलंय म्हणजे खाली किमती काहीतरी आहे एवढंच त्यातनं कळतं. एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात, पुढच्या काचेला चिकटवायचा फोनचा होल्डर काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला तरी काचेवर त्याच्या रबरी कपाचा गोल डाग राहतो, आणि तो डाग बघितला की सामान आतच कुठेतरी आहे हे बाहेर उभ्या माणसाला समजतं. फडक्यानं पुसून टाका, पाच सेकंदाचं काम आहे.

आता डिकी. डिकीत टाकणं चांगलंच पण कधी टाकता ते महत्त्वाचं. पार्किंगमध्ये गाडी लावली, उतरलो, डिकी उघडली, बॅग आत टाकली, लॉक केलं आणि निघालो, हे सगळं तिथे नुसता उभा असलेला कुणीही बघू शकतो आणि बाग, समुद्रकिनारा, ट्रेकची सुरुवात असल्या ठिकाणी कोण किती वेळानं परत येणार याचा अंदाजही त्याला बरोबर येतो. त्यामुळे सामान घरनं निघतानाच डिकीत टाका, मध्येच काही हलवायचं असेल तर एक-दोन किलोमीटर आधी थांबून हलवा आणि मग तिथे जा. डिकी म्हणजे तिजोरी नाहीये हेही लक्षात असू द्या, बऱ्याच गाड्यांमध्ये मागची सीट आतनं पाडता येते किंवा डिकी उघडायचं बटण ड्रायव्हरच्या बाजूलाच असतं, म्हणजे एक काच फुटली की डिकीही उघडली. जागा असेल तर गाडी रिव्हर्स घेऊन डिकी भिंतीला चिकटेल अशी लावा, मग निदान मागचं दार तरी वर उचलता येत नाही.

काचेबद्दल थोडं सांगते. पुढची मोठी काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांमध्ये टेम्पर्ड असतात, म्हणजे एरवी मजबूत, पण एका बिंदूवर कडक टोकाचा फटका बसला की सगळी काच बारीक दाण्यांसारखी ढासळते. काचेला आतनं लावायची सेफ्टी फिल्म मिळते, तिनं काच फुटायची थांबत नाही पण तुकडे धरून ठेवले जातात, आत हात घालायला चोराला जास्त वेळ लागतो, आवाज जास्त होतो. लावायच्या आधी तुमच्याकडे काचेच्या फिल्मचा नियम काय आहे तेवढं बघून घ्या.

लॉक करण्याची सवयही बदलायला हवी. चालता चालता पाठीमागे हात करून रिमोट दाबायचा आणि तसंच पुढे जायचं, हे बंद करा. रिमोटचा सिग्नल अडवणारी छोटी यंत्रं असतात, जवळपास कुणी ते चालू ठेवलं असेल तर तुम्ही बटण दाबता, तुम्हाला वाटतं लॉक झाली आणि गाडी उघडीच राहते, मग ना काच फुटते ना अलार्म वाजतो आणि घरी आल्यावर बॅग कुठे गेली तेच समजत नाही. दिवे लागले का बघा, लॉकचा खट आवाज आला का ऐका आणि हँडल एकदा ओढून बघाच.

किल्ली खिशात ठेवून नुसत्या हात लावण्यानं उघडणारी गाडी असेल तर वेगळी काळजी. तिथे दोघं जण मिळून काम करतात, एक जण तुमच्या किल्लीजवळ, म्हणजे घराच्या दारापाशी किंवा कॉफीच्या रांगेत तुमच्या मागे, आणि दुसरा गाडीजवळ, दोघांकडची यंत्रं किल्लीचा सिग्नल लांबवर पोचवतात आणि किल्ली शेजारीच आहे असं गाडीला वाटतं. यावर उपाय म्हणजे आतनं धातूचं अस्तर असलेला पाऊच. पण विकत घेतला आणि विसरलो असं करू नका, किल्ली पाऊचमध्ये घालून गाडीजवळ जा आणि हँडल ओढा, दार उघडलं तर तो पाऊच कामाचा नाही. घड्या पडून पडून अस्तर फाटतं, म्हणून ही टेस्ट अधूनमधून परत करायची. काही गाड्यांमध्ये ही सोय सेटिंगमधनं बंदच करता येते, मॅन्युअलमध्ये बघा.

घराची किल्ली, सोसायटीच्या गेटचा रिमोट आणि घरचा पत्ता असलेला कुठलाही कागद, या तीन गोष्टी एकत्र गाडीत कधीच नकोत. बॅग गेली तर ती परत घेता येते, पण घराची किल्ली आणि पत्ता एकाच हातात पडला तर त्याच रात्री कुलूप बदलावं लागतं. मॅपमध्ये घर म्हणून अगदी घराचा पत्ता टाकायची गरज नसते, जवळचा चौक टाकला तरी चालतं. गाडी धुवायला, सर्व्हिसिंगला किंवा पार्किंगवाल्याकडे देताना गाडीची किल्ली जुडग्यातनं सुटी करून द्या.

आणि आपण गाडीत बसलेलो असतानाची चोरी. सिग्नलला किंवा पेट्रोल पंपावर कुणीतरी काचेवर टकटक करून सांगतं की टायर बसलाय, ऑइल गळतंय, तुमचे पैसे खाली पडलेत, तुम्ही उतरून बघता तेवढ्यात पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवरची पर्स जाते. सांगणारा खरंही बोलत असेल, म्हणून त्याच्याशी भांडायचं कारण नाही, मान हलवा आणि हळूहळू गाडी पुढे वर्दळीच्या ठिकाणी नेऊन थांबवा. उतरताना, दोन पावलांवर जायचं असलं तरी, काचा वर आणि दारं लॉक. पर्स शेजारच्या सीटवर नको, पायाखालीही नको, तिथे ती ब्रेकच्या आड येऊ शकते, ड्रायव्हर सीटच्या मागे खाली ठेवा.

आता कामाची जागा, आणि इथे मला थोडं मनापासनं बोलायचंय.

ऑफिसात ड्रॉवरला कुलूप लावायला लोकांना संकोच वाटतो, जणू काही आपण शेजारच्यावर संशय घेतोय. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. टेबलावर उघडं पडलेलं पाकीट जेव्हा जातं तेव्हा त्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस संशयित होतो, आणि सगळ्यात आधी बोट जातं ते सफाईला येणाऱ्या बाईंकडे, हाउसकीपिंगच्या पोराकडे, नवीन लागलेल्या मुलाकडे. पुरावा काहीही नसतो. पाकीट नंतर दुसरीकडेच सापडलं तरी त्या माणसाकडे बघायची नजर काही पूर्वीसारखी होत नाही, कधीकधी नोकरीही जाते. आपण कुलूप लावलं तर हे सगळं टळतं, त्यामुळे कुलूप लावणं हा सहकाऱ्यांचा अपमान नाही, त्यांची काळजी आहे. एवढं समजलं की बाकीचं सोपं आहे.

ड्रॉवर लॉक करून एकदा जोरात ओढून बघा, कित्येक टेबलांना फक्त वरचा कप्पा लॉक होतो आणि खालचे दोन उघडेच राहतात. मग लॉकच्या तोंडावर बारीक अक्षरात काही नंबर कोरलाय का बघा, बऱ्याचदा तो किल्लीचा नंबर असतो आणि त्यावरनं तशीच दुसरी किल्ली मिळू शकते, शिवाय स्वस्तातल्या फर्निचरला थोडेच प्रकार असतात त्यामुळे शेजारच्याची किल्ली तुमच्या ड्रॉवरला लावून बघायला हरकत नाही, लागली तर लॉक बदलून मागा. किल्ली पेनस्टँडमध्ये, कीबोर्डखाली किंवा कुंडीत ठेवायची नाही, शोधणारा आधी तिथेच बघतो.

बाहेरचे चोर ऑफिसात कसे शिरतात तर आपणच दार धरतो म्हणून. हातात खोका, गळ्यात कसलंतरी कार्ड, घाईत असल्याचा चेहरा, आपण कार्ड टेकवून आत जातो आणि सभ्यपणे त्यांच्यासाठी दार धरून ठेवतो. अडवायला जमत नसेल तर एवढंच विचारा, "कुणाला भेटायचंय? चला, मी रिसेप्शनपर्यंत सोडते". खरा पाहुणा असेल तर त्याला बरंच वाटतं, आणि भलता कुणी असेल तो काहीतरी कारण सांगून निघून जातो. जेवणाची सुट्टी, मोठी मीटिंग, कुणाचा तरी वाढदिवस, म्हणजे सगळे एका बाजूला गोळा झालेले असतात तेव्हा टेबलं मोकळी असतात, तेव्हा बॅग आत आणि फोन जवळ. खुर्चीला लटकवलेल्या जॅकेटच्या खिशात पाकीट नकोच.

हॉस्पिटल, दुकान, कारखाना, शाळा इथे काम करणाऱ्यांना टेबल नसतं, लॉकर असतो. तिथे कुलूप आपलं स्वतःचं लावा आणि आकड्यांचं असेल तर कंपनीनं दिलेला मूळ नंबर आणि जन्मसाल दोन्ही टाळा. किमती वस्तू कामावर न नेणं हा तर सगळ्यात सोपा उपाय. कारागीर लोकांनी हत्यारांवर नाव किंवा खूण कोरून घ्यावी, कोरलेलं हत्यार विकायला अवघड जातं, आणि रात्री गाडीत हत्यारं ठेवू नयेत.

लॅपटॉपला केबल लॉक असेल तर ती केबल कशाला गुंडाळलीये ते बघा, टेबलाचा पाय उचलून निघत असेल तर उपयोग नाही. जागेवरनं उठताना विंडोजवर विंडोज आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते. विंडोजवर बिटलॉकर किंवा मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे लॅपटॉपमधली सगळी माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का बघून घ्या, ते चालू असेल तर लॅपटॉप गेला तरी आतली माहिती वाचता येत नाही. फक्त त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर ते कुलूप उघडायचा लांबलचक नंबर, त्याच लॅपटॉपच्या बॅगेत चिठ्ठीवर लिहून ठेवू नका.

फोनचं जरा जास्त गंभीर आहे कारण फोन लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सगळे ओटीपी त्याला येतात. सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा, पण कंपनीचा मूळ पिन अंदाजानं टाकू नका, ३ वेळा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके नावाचा वेगळा नंबर लागतो, तोही १० वेळा चुकला तर सिम कायमचं बाद. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तो, लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि बिलांचे फोटो हे सगळं त्या फोनमध्ये न ठेवता दुसरीकडे कुठेतरी ठेवा, वहीत लिहिलं तरी चालेल.

एवढं करूनही चोरी झालीच तर क्रम असा. आधी दुसऱ्याच्या फोनवरनं सिम बंद करा, मग बँकेची कार्डं आणि ॲप, मग फोन दुरून लॉक करा. फोन तुमच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटमधनं काढून मात्र टाकू नका, काढला की तो दुसऱ्याला वापरायला मोकळा होतो. काही दिवसांनी "तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा" असा मेसेज येऊ शकतो, तो बहुतेक चोराकडनंच असतो, उघडूच नका. मॅपवर फोन किंवा बॅगेतला ट्रॅकर कुठेतरी दिसला तरी एकटं तिथे जायचं नाही, पोलिसांना ठिकाण द्या. काच फुटली असेल तर काहीही हलवायच्या आधी फोटो काढा, तक्रारीत सिरीयल नंबर घाला आणि विम्याचे कागद बघा, गाडीच्या विम्यात आतलं सामान बऱ्याचदा धरलेलं नसतं, घराच्या विम्यात असू शकतं. आणि सीसीटीव्हीचं फुटेज जुनं झालं की आपोआप पुसलं जातं, म्हणून पार्किंगवाल्यांना किंवा ऑफिसच्या ॲडमिनला त्याच दिवशी, तारीख आणि साधारण वेळ घालून, लेखी कळवा की तेवढं रेकॉर्डिंग जपून ठेवा.