फाइल जागेवर असूनही सर्व्हर ४०४ म्हणतो? या चुका टाळा

फोल्डरमध्ये फाइल डोळ्यांना दिसते, नावाचे स्पेलिंग बरोबर आहे, परवानग्याही ठीक आहेत, आणि तरीही ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही' हा कोड येतो. अशा वेळी बहुतेक जण फाइल पुन्हा अपलोड करतात किंवा फोल्डरच्या परवानग्या सर्वांना खुल्या करून टाकतात. यातला पहिला उपाय निरुपयोगी आहे, तर दुसरा धोकादायक.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर या दुखण्याचे मूळ बहुधा माइम टाइपमध्ये, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या नावात असते. विंडोज सर्व्हर २००३ सोबत आलेल्या आयआयएस ६.० पासून हा सर्व्हर ज्या एक्स्टेन्शनची (फाइलच्या नावातील टिंबानंतरच्या भागाची) नोंद त्याच्या माइम टाइपच्या यादीत नाही, अशी फाइल देतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता ४०४ दिसतो. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) मात्र टिंबानंतरच्या उप-कोडासह ४०४.३ अशी नोंद असते. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी लॉग उघडावा. तिथे ४०४.७ दिसला, तर ते एक्स्टेन्शन रिक्वेस्ट फिल्टरिंगने, म्हणजे नको त्या मागण्या रोखणाऱ्या सुविधेने मुद्दाम अडवलेले आहे आणि माइम टाइप कितीही जोडले तरी उपयोग होणार नाही. सर्व्हरवर स्टॅटिक कंटेंट हा घटकच बसवलेला नसेल, तर साध्या चित्रांनाही ४०४.३ मिळू शकतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे यादीत 'डॉट-तारांकन' अशी सरसकट नोंद करून प्रत्येक अनोळखी फाइल ऑक्टेट-स्ट्रीम (प्रकार न सांगणारा सर्वसाधारण माइम टाइप) म्हणून मोकळी करणे. आयआयएसच्या जुन्या आवृत्त्यांत ही नोंद मुळातच असे आणि ६.० मध्ये ती काढली गेली, ती उगाच नव्हे. अशा नोंदीनंतर कोणीतरी घाईत ठेवलेली डेटाबेसची बॅकअप फाइलही पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही उतरवून घेता येते. हवे तेवढे एकच एक्स्टेन्शन जोडावे.

ते जोडतानाही एक खाच आहे. साइटच्या वेब.कॉन्फिग या सेटिंग-फाइलमध्ये वॉफ-२ या प्रकारच्या वेब-फॉन्टची नोंद केली आणि पुढे सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत तीच नोंद आधीपासून असली, तर दुहेरी नोंदीमुळे ५००.१९, म्हणजे सेटिंगमधील चुकीचा कोड येतो आणि एका फॉन्टपायी अख्खी साइट बंद पडते. नोंद जोडण्याआधी त्याच एक्स्टेन्शनसाठी 'रिमूव्ह'ची ओळ लिहिली, की हा प्रसंग टळतो. फॉन्टचा बिघाड तसाही लवकर लक्षात येत नाही, कारण मराठी मजकूर यंत्रातल्या दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये दिसत राहतो.

एनजिनेक्स आणि अपाची या दुसऱ्या दोन वेब सर्व्हरांची तऱ्हा उलटी आहे. अनोळखी फाइल ते निमूटपणे देतात, आणि अडवणूक करतो तो ब्राउझर. वेबअसेंब्लीची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संकलित प्रोग्रामची) फाइल प्रवाही पद्धतीने, म्हणजे उतरत असतानाच चालवायची असेल, तर उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींत) नेमका 'ॲप्लिकेशन/वॅझम' हाच प्रकार लागतो; ऑक्टेट-स्ट्रीम आला, तर स्थिती २००, म्हणजे 'सर्व ठीक' असूनही पानावर काहीच चालत नाही. जावास्क्रिप्ट मॉड्यूलच्या बाबतीतही ब्राउझर असाच काटेकोर असतो. त्यामुळे केवळ '२०० आला' एवढ्यावर समाधान न मानता कर्ल या कमांडने हेडर मागवून कंटेंट-टाइपची ओळ स्वतः वाचावी.

एनजिनेक्समध्ये नवा प्रकार जोडण्यासाठी एखाद्या सर्व्हर किंवा लोकेशनच्या कंसात वेगळा 'टाइप्स' विभाग लिहिला, की वरून आलेली संपूर्ण यादी तिथे रद्द होते. नवी फाइल नीट मिळू लागते, पण त्याच भागातील स्टाइलशीटचा प्रकार चुकतो आणि पान उघडेबोडके दिसू लागते. त्यापेक्षा मूळ माइम.टाइप्स फाइलमध्येच ओळ वाढवावी, सेटिंगची मांडणी (कॉन्फिगरेशन) तपासून घ्यावी आणि मग सर्व्हर रीलोड करावा.

अपाचीवर एचटीॲक्सेस या फोल्डरपुरत्या सेटिंग-फाइलमध्ये माइम टाइप जोडणारी 'ॲडटाइप' ही ओळ लिहूनही काहीच फरक पडला नाही, तर अशा फाइलींना मुभा देणारे 'अलाउओव्हरराइड' हे सेटिंग बहुधा 'नन' आहे. त्यात 'ॲडटाइप'ला लागणारी फाइलइन्फोची मुभा न देता बाकीच्या सवलती दिल्या असतील, तर तीच ओळ थेट ५००, म्हणजे सर्व्हरमधील बिघाडाचा कोड देते.

इतके करूनही जुनेच उत्तर येत असेल, तर ब्राउझर आणि मधला सीडीएन (साइटच्या प्रती ठेवून वाटणारे सर्व्हरांचे जाळे) यांची कॅशे, म्हणजे साठवलेल्या प्रती, रिकामी करून पाहावी. सीडीएन टाळून थेट मूळ सर्व्हरकडून हेडर मागवले, तर बिघाड अजून सर्व्हरवर आहे की वाटेत साठवलेल्या जुन्या प्रतीत, हे लगेच कळते.