घरगुती पाळणाघर चालवणाऱ्यांनी काय शिकावे, कोठे शिकावे आणि आधी काय शिकावे

भुसावळ, जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव अशा गावांत घरातल्या घरात इतरांची मुले सांभाळणाऱ्या बायका पूर्वीपासून आहेत. फक्त त्यांच्या दारावर पाटी नसते. रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत कामाला असलेली शेजारीण सकाळी मूल ठेवून जाते, कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी मजूर बाई दोन वर्षांचे पोर सोडून शेत गाठते आणि पाहता पाहता एका मुलाची पाच मुले होतात. या टप्प्यावर बहुतेक जणी खेळणी घेतात, भिंतीवर फुलपाखरे रंगवून घेतात. प्रशिक्षणाचा विचार त्यानंतर येतो, किंवा येतच नाही. हा क्रम उलटा असावा, असे अठरा वर्षे भुसावळात पाळणाघर चालवल्यानंतर माझे मत झाले आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षी दहा महिन्यांच्या एका बाळाने खाटेखाली पडलेला फुटाणा उचलून तोंडात घातला. त्याचा आवाज बंद झाला, ओठ निळसर पडले, आणि मी आपल्याकडे सगळेच करतात तेच केले: टाळूवर थापटले आणि “वर बघ, चिमणी बघ” म्हणत राहिले. शेजारच्या घरात एक परिचारिका राहत. त्यांनी बाळ माझ्या हातून काढून घेतले, स्वतःच्या हातावर पालथे धरले, डोके छातीपेक्षा खाली झुकवले आणि तळहाताच्या मुळाने दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये जोरात थापा दिल्या. चौथ्या थापेला फुटाणा फरशीवर पडला आणि बाळ रडू लागले. फुटाणा खाटेखाली राहिला ही चूक माझी होती, आणि पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते ही त्याहून मोठी.

पहिले प्रशिक्षण प्रथमोपचाराचे

भारतीय रेडक्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन अँब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे प्रमाणित प्रशिक्षण देतात. रेडक्रॉसची जिल्हा शाखा जळगावात आहे. आपल्या पाचसहा ओळखीच्या पाळणाघरवाल्यांचा किंवा बचत गटाचा गट करून विचारणा केल्यास तारीख मिळणे सोपे जाते. प्रशिक्षण घेताना पुतळ्यावर स्वतः हात चालवून पाहिल्याशिवाय तेथून उठू नये. केवळ व्हिडिओ पाहून दाबाचा जोर कळत नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत सारा प्रश्न जोराचाच असतो.

घशात काही अडकले आणि मूल खोकू किंवा रडू शकत नसेल, तर एक वर्षाखालील बाळाला पाठीवर पाच थापा आणि नंतर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच दाब, असे आलटूनपालटून द्यायचे असते. वर्षावरील मुलाला पाठीवरील थापांबरोबर पोटावरचे दाब देतात; बाळाच्या पोटावर मात्र दाब द्यायचा नाही. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, कारण ती आणखी आत सरकते. मूल बेशुद्ध पडले तर १०८ ला फोन लावून सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करावा लागतो: एकटे असताना ३० दाब आणि २ श्वास, दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. हे वाचून पाठ होईल, पण हाताला येणार नाही. म्हणून प्रशिक्षण घ्यावे आणि दर दोन वर्षांनी त्याची उजळणी करावी.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, चिंचोके आणि आपल्या खानदेशी घरांत डब्यात कायम असलेली जाड शेव या वस्तू पाच वर्षांखालील मुलांच्या हाताला लागू नयेत. द्राक्ष द्यायचेच असेल तर उभे चार तुकडे करून द्यावे.

उन्हाळा, पाणी आणि झोप

बालसंगोपनाच्या बहुतेक छापील पुस्तिका ज्या हवामानासाठी लिहिलेल्या असतात, ते हवामान आपल्याकडे मे महिन्यात नसते. पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना पत्र्याच्या किंवा सरळ गच्चीखालच्या खोलीत पाच मुले ठेवणे हे वेगळेच काम आहे. मुलांची खोली शक्यतो तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत नसलेली निवडावी. जुने धाब्याचे (मातीच्या छताचे) घर असेल तर ते या बाबतीत सिमेंटच्या घरापेक्षा पुष्कळ बरे. अंगणातले खेळ सकाळी नऊच्या आत उरकावेत.

कूलर हा आपला आधार, आणि पाळणाघरातला सर्वांत धोकादायक यंत्रही तोच. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे की नाही हे दर हंगामाच्या आरंभी वायरमनकडून तपासून घ्यावे, घराच्या बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा आणि चालू कूलरमध्ये पाणी ओतू नये. डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करणे आवश्यक असते. वरवर पाणी बदलल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आपल्या घरांत टाक्या, पिंपे, बादल्या भरलेल्या असतात. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल बादलीत डोकावताना तोल जाऊन पडले, तर वीतभर पाणीही त्याच्या जिवावर बेतते, आणि अशा वेळी आवाज होत नाही. भरलेली प्रत्येक बादली झाकणाची असावी किंवा कडी लावलेल्या मोरीत असावी, हा नियम घरातल्या सासूबाईंपासून धुण्याच्या बाईपर्यंत सर्वांना लागू करावा.

सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नसते. त्याची तहान आईच्या दुधानेच भागते. हे मुलाच्या आजीला पटवणे अवघड जाते, तेव्हा आशा ताईंना (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला) बोलावून त्यांच्या तोंडून सांगवावे. काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते असे सांगितले जाते; आपली खोली एप्रिलमध्ये २५ अंशांवर नसते, म्हणून दूध बर्फाच्या डब्यातून आणावे आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे. मोठ्या मुलाने सहा तासांत लघवी केली नाही, ओठ कोरडे पडले, डोळे खोल गेले किंवा ते मलूल होऊन पडून राहिले, तर संध्याकाळची वाट न पाहता पालकांना आणि डॉक्टरांना कळवावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचे असते. चिमूटचिमूट करून पेल्यात कालवले तर क्षारांचे प्रमाण बिघडते. उरलेले द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे.

झोपेविषयी थोडे नाजूक बोलावे लागते, कारण झोळी हा आपल्याकडे मायेचा विषय आहे. साडीच्या झोळीत बाळ लवकर शांत होते हे खरे आहे. पण झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळू शकतो. झोप लागली की त्याला सपाट, घट्ट गादीवर, उशी आणि गोधडी न ठेवता, पाठीवर निजवावे आणि दर पंधरा मिनिटांनी जाऊन पाहावे. दुपारी सर्व मुले निजली की आपलाही डोळा लागतो. मी त्या वेळेला मोबाइलवर गजर लावून ठेवते.

फोडणीचे तेवढे सांगून ठेवते. शेवभाजीच्या किंवा ठेच्याच्या ठसक्याने घरभर खोकला लागतो, तेव्हा तिखटाचा स्वयंपाक मुले येण्यापूर्वी उरकावा, आणि मिरची हाताळलेल्या हाताने बाळाचे तोंड पुसू नये.

अंगणवाडीच्या ताईंकडून काय घ्यावे

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज जवळपास प्रत्येक गावात व वस्तीत अंगणवाडी आहे. तरीही घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बायका तिकडे क्वचित जातात. अंगणवाडी गरिबांची, अशी एक समजूत त्यामागे असते. ती बाजूला ठेवावी. वजन-उंची मोजणे, वाढीचा आलेख वाचणे, लसीकरणाच्या तारखा पाहणे या गोष्टी ताई रोज करतात आणि विचारले तर आनंदाने शिकवतात. आपल्याकडचे मूल अंगणवाडीतही नोंदवता येते. प्रत्येक मुलाच्या माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत आपल्याजवळ असावी; गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान झाली की नाही, हे त्यावरून कळते. आशा ताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या बाळांना घरभेट देतात; त्यांतली एखादी भेट पालकांच्या संमतीने पाळणाघरात ठेवल्यास आपले शिक्षण आपोआप होते.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांसाठी ‘पोषण भी पढाई भी’ हे प्रशिक्षण सुरू केले आणि २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ व तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हे आराखडे प्रसिद्ध केले. दोन्ही विनामूल्य मिळतात. ‘नवचेतना’मध्ये वयानुसार कृती दिल्या आहेत, आणि घरगुती पाळणाघराला खरी गरज याच वयाची असते.

खेळण्यांवर फार पैसे घालू नयेत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला नेले, तेव्हापासून परिसरातल्या वस्तूंवर मुले शिकवण्याची मराठी परंपरा आहे. वाट्या, चाळणी, धुतलेले कापडाचे तुकडे, पोळ्याचे मातीचे बैल, भुलाबाईची गाणी एवढ्यात वर्षभराचे साहित्य भरते. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलाशी आपणही तीच बोली बोलावी. पालक इंग्रजी कवितांचा आग्रह धरतात. त्यांना हो म्हणावे, दोन कविता शिकवाव्यात आणि उरलेला दिवस मुलाशी त्याच्या बोलीत गप्पा माराव्यात.

प्रमाणपत्र हवे असल्यास

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण विषयातील पदविका बारावी उत्तीर्ण व्यक्तीला घरी राहून करता येते. किमान कालावधी एक वर्षाचा आहे. पाळणाघर सांभाळून ती करण्यास दोन वर्षे धरावीत. बारावी झाली नसेल तर कौशल्य विकास योजनांतील बालसंगोपन करणाऱ्या व्यक्तीसाठीचा अभ्यासक्रम आपल्या जिल्ह्यात कोणत्या केंद्रात चालू आहे, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारावे. हिशेब, ग्राहक आणि बँक या बाजूंसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण विनामूल्य मिळते.

खासगी वर्गांविषयी सावध राहावे. मी एका वर्गाची फी भरली आणि तीन महिने तक्ते रंगवले. एकाही खऱ्या मुलाजवळ बसण्याचा तास त्यात नव्हता. फी भरण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचे तास किती, ते कोठे होतात, दोन वर्षांखालील मुलांचा भाग त्यात आहे काय, आणि प्रमाणपत्रावर कोणाची मान्यता छापलेली असते, हे लेखी मागावे. उत्तर टाळले गेले, तर आपणही फी टाळावी.

किती मुले, कोणते कागद

शासनाच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस धरलेली असे. घरात हे प्रमाण पाळण्यासारखे नाही. एकटीने पाचांहून अधिक मुले घेऊ नयेत, आणि त्यांत दीड वर्षाखालची दोनपेक्षा जास्त नसावीत. कारण आग लागली तर एका बाईच्या दोन काखांत दोनच बाळे मावतात.

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर शासनाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणारी खोटी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. मात्र जाळीचे दार, अर्थिंग, गाद्या आणि फ्रिज यांपलीकडे कर्जातून काही घेऊ नये. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन २०१७ पासून आहे, त्यामुळे जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडे विचारणा करण्यास हरकत नाही.

पालकांकडून एक पानी अर्ज भरून घ्यावा: मूल नेण्यास कोण येणार त्यांची नावे व छायाचित्रे, डॉक्टरांचा क्रमांक, कशाची अॅलर्जी, औषध देण्याची लेखी परवानगी. यादीत नाव नसलेला सख्खा काका आला तरी फोन केल्याशिवाय मूल देऊ नये. आपल्या घरातील पुरुषांनी मुलांना एकट्याने सांभाळू नये, हे पहिल्याच दिवशी पालकांदेखत बोलून ठेवावे. त्यात अपमान कुणाचाच नाही. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला, तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही बोलता येते.

सुट्ट्यांची यादी वर्षाच्या आरंभीच लिहून द्यावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्यालाही माहेरी जायचे असते, श्रावणात कानबाईच्या सणाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि पोळ्याला कारखाने सुरू असतात पण आपली मदतनीस येत नाही. या तीन दिवसांपुरती मुले कोण घेईल, हे गावातल्या दुसऱ्या एका पाळणाघरवालीशी ठरवून तिचा क्रमांक त्याच यादीच्या खाली लिहावा, आणि तिच्या अडचणीच्या दिवसांत तिची मुले आपण घ्यावीत.